परसातली कुळं

मामंजी,

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे कालच्या गाड्यांनी पांगले, ओसरीतल्या सतरंज्या झटकून घडी झाल्या, आणि आज सकाळी मी वही घेऊन परसात गेले. महिन्याची पहिली तारीख होती, आपल्या मोजणीचा दिवस. तुमच्याशिवाय केलेली ही पहिली मोजणी. तीत एकही खाडाखोड नाही, कारण मध्येच हरकत घ्यायला कोणी नव्हतं.

बार रूममध्ये तुमच्यासाठी सभा झाली म्हणे. दिवाणी कामात तुमच्या तोडीचा वकील वऱ्हाडात नव्हता असं सगळे बोलले. असेलही. मला त्यातलं कळत नाही आणि ते मी इथं लिहिणारही नाही. मला ठाऊक असलेले तुम्ही म्हणजे सकाळी सात वाजता धोतर गुडघ्यावर खोचून बाभळीखाली उकिडवे बसलेले, चष्मा कपाळावर सरकवून मुंगळ्यांची रांग कुठून निघाली नि कुठं चालली याचा तपास करणारे. कोर्टातले तुम्ही त्यांचे, परसातले तुम्ही माझे. एवढी वाटणी कोणी नाकारू नये.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक निकाल आहे, तो काल लागला. दुसरी कबुली आहे, ती नऊ वर्षं लांबली. निकाल आधी सांगितला तर कबुली ऐकायला तुम्ही थांबणार नाही, म्हणून क्रमानंच सांगते.

तेराव्याच्या संध्याकाळी मोठ्या भाऊजींनी विषय काढला. ते यंदा नागपूरच्या बांधकाम खात्यातून निवृत्त होताहेत आणि बिऱ्हाड घेऊन अकोल्याला, या घरात, येताहेत. त्यांना दोन खोल्या हव्यात. गरज खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. ते म्हणाले, "मागचा सारा झाडोरा काढून टाकला की जागाच जागा आहे. आबा होते तोवर ठीक होतं." सासूबाई सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. तुमच्या धाकट्या चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली, ती सवय त्यांना तुमच्या धाकानं लागली आहे. मी ताटं उचलत होते. ती खाली ठेवली आणि म्हणाले, "भाऊजी, उद्या सकाळी माझ्याबरोबर परसात या. वही बघा. मग ठरवा."

इतकं धीटपणे बोलायला मला तुम्हीच शिकवलंत, आणि तेही याच जागेसाठी.

आठवतं का तुम्हाला? लग्न होऊन सहा महिने झाले होते. अंजनगाव सुर्जीच्या मास्तरांची मुलगी, अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, या जठारपेठेतल्या घरात डोक्यावरून पदर घेऊन वावरत होते. तुमच्यासमोर बसायचं नाही, तुमच्याशी बोलायचं नाही. घराच्या पुढं तुमचे गुलाब, पुण्याहून मागवलेली कलमं, विटांच्या तिरक्या कडा लावलेले वाफे. घराच्या मागं विहीर आणि तिच्या पलीकडे नुसतं रान: बोर, बाभूळ, हिवर, निंब, बेल, कुंपणाला रुई, खाली तरोटा आणि आघाडा. एका सकाळी तुम्ही सोनाजीला सांगत होतात, "होळीच्या आत मागचं सारं साफ करून टाक. निंब आन बेल तेवढा ठेव." मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. तोंडून निघून गेलं, "तिथं कितीतरी जण राहतात."

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. तुम्ही दाराकडे न बघता विचारलंत, "कोण राहून राहिलं तिथं?"

"पक्षी आहेत. सरडे आहेत. मुंगूस आहे."

"किती?"

"मोजले नाहीत."

"मंग मोज. न मोजता दावा लावत नसतात, सूनबाई. एक वर्षाची तारीख देतो."

सोनाजी कुऱ्हाड खांद्यावर टाकून परत गेला. दुपारी तुमच्या कचेरीतून एक जाड कोरी वही आली आणि वाटपाच्या दाव्यांत शेतं मोजायला वापरलेली लोखंडी साखळी आली. त्या दिवशी मी या घरात राहायला आले असं मी धरते. लग्नाची तारीख वेगळी आहे, पण ती पत्रिकेतली.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, काड्यांची एक चौकोनी चौकट करायची, ती जमिनीवर टाकायची आणि तिच्या आत जे जे उगवलं असेल, चालत असेल ते मोजायचं. सोनाजीनं बांबूच्या कामट्यांची चौकट बांधून दिली. तुम्ही ती हातात घेऊन उलटीपालटी केलीत. "आन मुंगूस चौकटीच्या बाहेर बसलं तर? त्याचा हक्क बुडाला?" चौकट गवतासाठी ठेवली आणि बाकीच्यांसाठी नियम तुम्ही केलेत.

तेव्हा जमिनीच्या कुळांचे कायदे येऊ घातले होते. तुमच्या कचेरीत दिवसभर तोच विषय, कोण मालक, कोण कूळ, वहिवाट कोणाची. तुम्ही तेच मोजमाप परसात आणलंत. झाड म्हणजे मालक, त्याच्यावर जगणारं ते त्याचं कूळ. नुसतं येऊन बसलं म्हणजे कूळ होत नाही, तो पाहुणा. त्यानं तिथं खाल्लं पाहिजे, घर केलं पाहिजे, नाहीतर पिलं वाढवली पाहिजेत. तीन वेगवेगळ्या दिवशी दिसलं पाहिजे आणि दोन साक्षीदारांनी पाहिलं पाहिजे. ज्या झाडाला जास्त कुळं, त्याचा परसावर हक्क मोठा. मी पुस्तकातून जे शिकले होते त्याहून हे मोजमाप बरं होतं, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्ही आधीच पुरेसे फुगलेले होतात.

साक्षीदार म्हणजे मी आणि सोनाजी. सोनाजीची उलटतपासणी ऐकायला शेजारचे कुंपणापाशी येऊन उभे राहत.

"मुंगूस कोणत्या बाजूनं आलं?"

"खालतून आलं जी."

"खालतून म्हंजे विहिरीकडून का रुईकडून?"

"आता मुंगसाले म्या इचारलं नाई, वकीलसायेब. आलं आन गेलं."

साक्ष फेटाळली गेली. मुंगूस कूळ व्हायला चार महिने लागले. सातभाई पक्षी तर मोजले तेव्हा नऊ निघाले आणि तुम्ही दोघांना बाहेर काढायला निघालात. मी पदर तोंडाला लावून हसले ते तुम्ही पाहिलंत.

वर्षाअखेर बेरीज केली. बोराला सगळ्यांत जास्त कुळं: बुलबुल, खार, लाल मुंग्या, पानं गुंडाळून आत राहणारी अळी, आणखी कोण कोण. त्याखालोखाल बाभूळ, मग निंब, मग हिवर. रुईला थोडी, पण दुसरीकडे कुठंच न राहणारी. मग पुढचे वाफे. मी लिहिलं: गुलाब, कूळ नाही. तुम्ही वाचलंत, वही मिटलीत आणि दोन दिवस माझ्या हातच्या चहाला नावं ठेवलीत. तिसऱ्या दिवशी सोनाजीला सांगितलंत, "मागं हात लावू नको." निकाल विरुद्ध गेला तरी तो पाळायचा, हा तुमचा गुण. तो या घरात तुमच्याइतका कोणाकडे नाही, माझ्याकडेही नाही.

पुढं तीन वर्षांनी गुलाबाच्या पानांना कडेनं गोल गोल तुकडे कापलेले दिसले. एक काळसर माशी, मधमाशीच्या जातीची, पानाचा तुकडा कात्रीनं कापावा तसा कापून पोटाशी धरून नेते आणि त्याचं आपल्या पिलांसाठी घर करते. मी तुम्हाला बोलावून दाखवलं. तुमच्या पानांचं वाटोळं झालं होतं आणि तुम्ही इतके खूश होतात की त्या दिवशी कचेरीतल्या प्रत्येक पक्षकाराला उठवून पुढं नेलंत. "माह्या गुलाबाले कूळ लागलं." अंजनगावच्या एका पानमळेवाल्याला वाटलं, घरात बारसं आहे.

आपला एक वाद मात्र तुम्ही शेवटपर्यंत तारखेवर ठेवलात. विहिरीचं पाणी मचूळ. बोर-बाभळीला त्याचंही काही नाही, ती कोणाच्या पाण्याची वाट पाहत नाहीत. गुलाबांना ते चालत नाही, पानं पिवळी पडतात. म्हणून नळाचं गोडं पाणी बादल्यांनी पुढं न्यायचं. आधी सासूबाईंनी नेलं, मग मी नेलं. मी म्हणत असे, ज्या झाडाला माणसानं बादलीनं पाणी घालावं लागतं त्याचा गुण कापला पाहिजे. जे झाड मागतं आणि देत नाही ते इथलं नव्हे. तुम्ही म्हणायचात, "पुढच्या तारखेले पाहू." दर वर्षी पुढची तारीख. पाण्याचा हा मुद्दा मी सोडला नाही आणि तुम्ही मान्यही केला नाही. तुम्हाला ऐकताना राग येत नसे, पण तुमचे कान लाल होत.

आता कबुली.

नऊ वर्षांपूर्वी आषाढात मुलींच्या शाळेचं पत्र आलं. त्यांना विज्ञान शिकवायला बाई हवी होती. मी ते पत्र तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही वाचून परत दिलंत. "सून नोकरी करून राहिली म्हणजे सासरा जेवू घालत नाही काय, असं लोक विचारतील." बस्स. मी पत्र ट्रंकेत टाकलं आणि तुमच्यावर रुसले. तुम्हाला ते कळलंही नाही, कारण रुसलेली सून आणि आज्ञाधारक सून बाहेरून सारख्याच दिसतात.

श्रावणात सासूबाईंनी तक्रार केली की सोमवारी वाहायला बेलाचं एक त्रिदळ धड मिळत नाही, सगळी कुरतडलेली. तुम्ही झाड तपासलंत. पानांवर हिरव्या जाड अळ्या. "सूनबाई, ही कोण?" मी म्हणाले, "अळी आहे." खोटं बोलले नाही. पण त्याच दिवसांत काळ्यावर पिवळे ठिपके असलेलं मोठं फुलपाखरू बेलापाशी रोज येत होतं आणि तुम्ही त्याच्यामागं हिंडत होतात. "याले कूळ लिहू का पाहुणा? फूल नाही, फळ नाही, मंग बेलावर काहून येते?" मला ठाऊक होतं काहून येते ते. ते अंडी घालायला येत होतं. त्या अळ्या त्याचीच लेकरं होती.

एक शब्द बोलले असते तर झालं असतं. मी बोलले नाही.

तुम्ही अळ्यांना बेदखल करायचा हुकूम काढलात आणि तो स्वतःच बजावलात. रोज सकाळी चिमटा आणि डालड्याचा डबा घेऊन तुम्ही बेलापाशी. पासष्टीचा माणूस, टाचा उंचावून एकेक अळी वेचतो आहे, आणि मी विहिरीवर उभी राहून पाहते आहे. तीन आठवडे पाहिलं. माझ्या मनात काय होतं ते स्पष्टच सांगते: यांना काही कळत नाही, आणि जिला कळतं तिला हे घराबाहेर जाऊ देत नाहीत, तर भोगू देत. त्या अळ्यांशी माझं काही वैर नव्हतं. माझा राग तुमच्यावर होता आणि मारल्या गेल्या त्या.

फुलपाखरं दिसेनाशी झाली. तुम्ही वहीत प्रश्नचिन्ह काढलंत आणि रोज मला विचारलंत, "आज दिसलं?" मी नाही म्हणायची. ते मात्र खरं होतं.

मग भाद्रपदातली ती सकाळ. तुम्ही काळा कोट चढवून निघालात, मागच्या पडवीत खुंटीला टांगलेली छत्री घ्यायला गेलात आणि तिथंच थांबलात. छत्रीच्या दांड्याला एक सुकल्या पानासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. चिमट्यातून निसटलेली एक अळी तिथं येऊन कोष करून बसली होती. तो फाटत होता. आतून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, दांड्याला लटकलं, आणि हळूहळू त्याचे पंख उलगडले. काळ्यावर पिवळे ठिपके. बाहेर टांगा उभा, कारकून दोनदा हाका मारून गेला. तुम्ही हललाही नाहीत. पंख वाळून ते उडून जाईपर्यंत तुम्ही तिथं उभे होतात. मग छत्री तशीच ठेवलीत आणि मला हाक मारलीत.

"हे अळीतून निघालं."

"हो, मामंजी."

"म्हंजे मी त्याची लेकरं डब्यात भरून फेकून राहिलो होतो. अळी आन फुलपाखरू मी दोन पक्षकार धरले, एकाले जागा देऊन राहिलो होतो आन एकाले बेदखल करून राहिलो होतो." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुले माहीत होतं?"

आणि मी म्हणाले, "नाही. आम्हाला झाडांचा विषय होता, किड्यांचा नव्हता."

दोन्ही विषय होते. प्राणिशास्त्रात मला चांगले गुण होते. तुम्ही माझी गुणपत्रिका कधी मागितली नव्हती आणि त्या दिवशीही मागितली नाहीत. आयुष्यभर लोकांच्या खोट्या साक्षी पकडलेला माणूस सुनेच्या तोंडाकडे पाहून विश्वास ठेवून मोकळा झाला.

संध्याकाळी तुम्ही वही मागवलीत आणि मला सांगून लिहून घेतलंत: न्यायाधीशाची चूक. साक्षीदारास माहिती नव्हती. खाली तुमची सही, तिच्याखाली माझी. मग म्हणालात, "ते शाळेचं पत्र आहे का अजून? मी पासष्ट वर्षांचा घोडा, मले हे माहीत नाही. माह्यासारखे अडाणी पुष्कळ झाले. पोरी तरी होऊ नयेत. तू जा शिकवाले." लोक काय म्हणतील याचा उल्लेखही केला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः टांग्यानं मला शाळेत सोडायला आलात, आणि बार रूममध्ये कोणी विचारण्याआधीच सांगून टाकलंत म्हणे, की आमची सूनबाई मास्तरीण झाली.

पुढच्या श्रावणापासून देवाला बेल तुम्ही देवळाजवळच्या झाडाचा आणलात. घरच्या बेलाचं पानही तोडू दिलं नाहीत.

नऊ वर्षं मी त्या खोट्यावर पगार घेतला, मामंजी. शेकडो मुलींना अळीचं फुलपाखरू कसं होतं ते फळ्यावर काढून दाखवलं आणि दर वेळी तुमचा चिमटा डोळ्यांपुढं आला. कितीदा ठरवलं की आज सांगू. तुम्ही रागावले असता म्हणून नव्हे. तुम्ही रागावले नसता, हेच मला सोसलं नसतं. शेवटच्या आठवड्यात तुमच्या पायांना तेल लावताना शब्द ओठावर आले होते. तुम्ही विचारलंत, "बोराले बुलबुल आले का?" आणि मी बुलबुलांचं बोलत राहिले.

आज सांगितलं. क्षमा मागत नाही, कारण ती देणारा राहिला नाही आणि दुसऱ्या कोणाची मला चालणार नाही. नोंद तेवढी दुरुस्त केली आहे. कशी, ते आता सांगते.

काल सकाळी मोठे भाऊजी परसात आले. विहिरीच्या काठावर बसून त्यांनी वही पहिल्या पानापासून चाळली. खात्यातला माणूस, कागद कसा वाचायचा ते त्यांना कळतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आबांचा तुझ्या नोंदीवर लय भरोसा दिसते."

"एका जागी ठेवायला नको होता," मी म्हणाले, आणि ते पान काढून दिलं. काय झालं होतं ते सगळं सांगितलं, तुम्हाला आत्ता सांगितलं तसंच. मग त्यांच्यासमोर 'नव्हती' हा शब्द खोडला, वर 'होती' लिहिलं आणि पुन्हा सही केली.

भाऊजींनी चष्मा काढला. "सुमन, हे तू मले काहून सांगून राहिली? साक्षीदार खोटी निघाली, म्हंजे सारी वही खोटी, असं म्हणून मी आजच कुऱ्हाड बोलावू शकतो."

"शकता. म्हणूनच सांगितलं. त्या वहीच्या जोरावर मी तुम्हाला अडवणार असेन तर ती आधी खरी असली पाहिजे. बाकीची पानं माझ्या शब्दावर घेऊ नका. झाडं इथंच आहेत, स्वतः तपासा."

मला भीती वाटत नव्हती. वाईट वाटत होतं, पण भीती नव्हती. तेरा वर्षं मी ही जागा मोजली आहे. तिथं काय आहे ते मला माझ्या तळहातापेक्षा जास्त ठाऊक आहे.

त्यांनी तपासलं. तुमचेच चिरंजीव. धोतर नाही, पाटलोण, पण उकिडवे तसेच बसले. बोरं लगडली आहेत, तेव्हा बुलबुल आणि खारींचा पुरावा द्यावा लागला नाही. निंबाच्या ढोलीतले पिंगळे त्यांनी स्वतः शोधले. मग बाभळीपाशी ते खूप वेळ थांबले. फांदीवर बोटाएवढी काड्यांची एक जुडी लटकत होती, सारख्या लांबीच्या काड्या एकीला एक लावून बांधलेल्या. त्यांना वाटलं, पोरांनी काहीतरी अडकवून ठेवलं. बोट लावलं तर जुडी थोडी वर सरकली. आत अळी होती, आपलं घर पाठीवर घेऊन चालणारी. भाऊजी जन्मभर बांधकामं तपासत आलेले. त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि काड्या मोजल्या.

"सगळ्या एका मापाच्या," ते म्हणाले. "हे वहीत नाही."

"नाही. तुम्हाला सापडलं. तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर तुमच्यासारखं आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. वही परत देताना म्हणाले, "ठीक आहे. मागं हात लावत नाही. पण मले खोल्या पायजेत, सुमन. त्या काय हवेत बांधू?"

याचं उत्तर मला आदल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. घरात ते कोणी तोंडातून काढणार नव्हतं. तुमचा फोटो अजून ओसरीत ताज्या हारासकट आहे, आणि त्या हारातली फुलंही तिथलीच आहेत.

"पुढं बांधा," मी म्हणाले. "वाफ्यांच्या जागी."

"आबांचे गुलाब?"

"मोजमाप त्यांनीच ठरवलं. त्याप्रमाणं पुढच्या सगळ्या वाफ्यांना मिळून एक कूळ आहे. मागं एकट्या बोराला त्याच्या कितीतरी पट आहेत."

त्यांनी हातातली पट्टी खिशात ठेवली. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई बोलल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोणास ठाऊक. कपाळ मोकळं, आवाज अगदी शांत. "गुलाब ह्यांचे होते. पाणी माह्या कमरेनं वायलं, मंग हिच्या कमरेनं वायलं. ह्यांच्या जिवात जीव होता तोवर वायलं, त्याचं मले काही वाटत नाही. आता नाही वाहत. बांधा तिथं."

तुम्ही दर वर्षी पुढं ढकललेला मुद्दा असा एका वाक्यात निकाली निघाला. अपील करायला तुम्ही नाहीत. असता तर केलं असतं, आणि हरला असता, आणि दोन दिवस चहाला नावं ठेवली असतीत. मी ते दोन दिवस आनंदानं सोसले असते.

जुने गुलाब हलवले तर जगत नाहीत, असं तुम्हीच सांगायचात. म्हणून कोणाला द्यायचे नाहीत असं मी ठरवलं. दुसऱ्याच्या अंगणात ते हळूहळू वाळताना पाहण्यापेक्षा इथंच एकदम संपलेले बरे. त्या पानं कापणाऱ्या माशीचं काय होईल ते मला माहीत नाही. माझ्या हातून या आवारात दुसऱ्यांदा कोणीतरी बेघर होणार आहे, आणि या वेळी मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

उद्या सकाळी सोनाजी कुदळ घेऊन येईल. शाळेतून मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली आहे. तो म्हणाला, "बाईसायेब, तुमी आत बसा, म्या करतो." मी नाही म्हणाले. निकाल मी दिला आहे, मामंजी. पहिलं झाड मी काढणार आहे.

तुमची,
सुमन